रोमन शिपायाचं चिलखत कुणाच्या खात्यावर? प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025

वाचनालयाच्या मार्चमधल्या प्रदर्शनाचे सहा फलक माझ्याकडे आले. विषय मी मागून घेतला: रोमन शिपायाला चिलखत कुठून मिळायचं आणि त्याचे पैसे कोण भरायचं. डिसेंबरात लेक शाळेसाठी रोमन सैन्याचं चित्र काढत होती. तेव्हा तिने विचारलं होतं, "आई, हे सगळं त्यांना सरकार द्यायचं का?" मी पोळ्या लाटता लाटता "हो" म्हणून टाकलं. ते उत्तर चुकीचं होतं आणि तेव्हापासून मनात राहिलं आहे. एकोणीस वर्षं मी लोकांची पगारपत्रकं करते. वजावटीचा रकाना आधी बघायचा, हे मला सुचायला हवं होतं.

फलकांबरोबर एक खरी वस्तू ठेवायची आहे: लोखंडी कड्यांच्या चिलखताचा 10 सेंमी बाय 10 सेंमीचा तुकडा. रोमन लोक या चिलखताला लोरिका हमाटा म्हणत. नानांनी भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये रविवारी जागा देतो म्हणून सांगितलं आहे.

एक नियम आजच ठरवला. कुठलीही रोमन रक्कम रुपयांत मांडायची नाही. तसा आकडा वाचणाऱ्याला समजल्यासारखा वाटतो, पण त्यातून काहीच कळत नाही. पगाराचा कितवा हिस्सा, किती दिवसांची मजुरी, एवढंच लिहायचं.

9 जानेवारी

पहिला फलक पॉलिबियसवर. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक इतिहासकार रोममध्ये राहून तिथलं सैन्य जवळून पाहत होता. तो लिहितो की ज्यांची मालमत्ता 10,000 द्राख्मांच्या (द्राख्मा म्हणजे ग्रीक चांदीचं नाणं) वर आहे ते कड्यांचं चिलखत घालतात. बाकीचे छातीवर वीतभर लांब, वीतभर रुंद अशी पितळी पत्र्याची पट्टी बांधतात. तिचं नाव हृदयरक्षक. पायदळाच्या शिपायाला दिवसाला दोन ओबोल मिळत, म्हणजे एका द्राख्माचा तिसरा हिस्सा. त्यातून धान्य, कपडे आणि जास्तीचं हत्यार लागलं तर त्याचीही किंमत क्वेस्टर, म्हणजे सैन्याचा खजिनदार, कापून घेई.

म्हणजे एकाच ओळीत उभ्या असलेल्या दोन शिपायांपैकी एकाचं अख्खं धड झाकलेलं आणि दुसऱ्याचं फक्त काळीज. फरक घरच्या शेतीवाडीचा.

आपल्याकडे यासाठी नेमके शब्द आहेत. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. पॉलिबियसचा रोमन शिपाई बराचसा शिलेदार आहे. पुढे 107 मध्ये (अर्थात इ.स.पू.) रोमन सेनापती मारियसने बिनमालमत्तेच्या माणसांनाही भरती केलं, आणि चिलखत घरून आणण्याची ऐपतच नसलेली माणसं सैन्यात आली. त्यांना बारगीर म्हणावं का? मलाही आधी तसंच वाटलं. एखाद्या शिपायाचं खरं खातं बघून होईपर्यंत हा शब्द फलकावर घालणार नाही.

12 जानेवारी

काम बिघडलं. दुकानातून 18 गेजची साधी तार म्हणून जी आणली ती जस्ताचा मुलामा दिलेली निघाली. नानांनी बर्नरवर टोक धरलं मात्र, पांढरा धूर यायला लागला. त्यांनी लगेच गॅस बंद केला आणि शटर पूर्ण वर केलं. "ताई, हा धूर छातीत गेला की रात्रभर थंडी वाजून ताप येतो. फेका ती तार."

आता सळया बांधायची काळी बाइंडिंग वायर घेतली आहे. ती मुळातच मऊ असते. 6 मिमीच्या गजावर गुंडाळून स्प्रिंग केली आणि उभी कापून कड्या पाडल्या. दिवसभरात 140.

18 जानेवारी

रोमन इतिहासकार टॅसिटसमधला पर्केनियस. इ.स. 14 मध्ये सम्राट ऑगस्टस वारला आणि डॅन्यूब नदीकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या तीन लिजनांनी, म्हणजे सुमारे पाच-पाच हजारांच्या सैन्यतुकड्यांनी, बंड केलं. त्यांना चेतवणारा हा साधा शिपाई. त्याच्या तोंडचं भाषण असं: आमच्या जिवाची आणि शरीराची किंमत दिवसाला दहा अ‍ॅस (तांब्याची नाणी). त्यातूनच कपडे, हत्यारं, तंबू. त्यातूनच सेंच्युरियनचा, म्हणजे तुकडीच्या नायकाचा, मार चुकवायचा आणि कामातून सुटका विकत घ्यायची.

ताळा करून पाहिला. दहा अ‍ॅस गुणिले 360 दिवस, 3,600 अ‍ॅस. एका डेनारियसचे, म्हणजे रोमन चांदीच्या नाण्याचे, 16 अ‍ॅस, म्हणजे वर्षाला 225 डेनारियस. लिजनच्या शिपायाचा त्या काळचा वार्षिक पगार म्हणून 225 हाच आकडा मिळतो, 75-75 च्या तीन हप्त्यांत. भाषण टॅसिटसने आपल्या शब्दांत रचलं असेल, पण त्यातला हिशेब बरोबर आहे.

आणखी एक गोष्ट टोचली. रोमन लोकनेता गायस ग्रॅकसने इ.स.पू. 123 मध्ये कायदा केला होता की शिपायाचे कपडे सरकारी खर्चाने द्यायचे, पगारातून कापायचे नाहीत. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांनी पर्केनियस कपड्यांच्या वजावटीवरच ओरडतो आहे. सवलत मिळते आणि पुढे कधीतरी गुपचूप निघून जाते. पगारपत्रक लिहिणाऱ्याला हे नवीन नाही.

25 जानेवारी

आजचा अख्खा दिवस एका खात्यावर गेला आणि मला तो गेलेला आवडला.

जिनिव्हाच्या ग्रंथालयात इजिप्तमधला एक लॅटिन पपायरस (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचा लेख) आहे, इ.स. 81 चा. त्यात क्विंटस ज्युलियस प्रॉक्युलस या दमास्कसच्या शिपायाचं वर्षभराचं खातं आहे. तीन हप्ते, प्रत्येकी 248 द्राख्मा जमा. इजिप्तमध्ये हिशेब तिथल्या हलक्या द्राख्मांत चाले.

पहिला हप्ता. जमा 248. गवत 10, जेवण 80, बूट आणि पट्टे 12, छावणीतला सॅटर्नेलियाचा सण 20, कपडे 60. खर्च 182. शिल्लक 66, मागील बाकी 136, एकूण ठेव 202.

दुसरा. जमा 248. गवत 10, जेवण 80, बूट-पट्टे 12, 'निशाणांकडे' 4. खर्च 106. शिल्लक 142, ठेव 344.

तिसरा. जमा 248. गवत 10, जेवण 80, बूट-पट्टे 12, कपडे 146. खर्च 248. शिल्लक काही नाही, ठेव 344 तशीच.

पेन्सिल घेऊन प्रत्येक बेरीज केली. सगळ्या जमल्या. ज्या कारकुनाने हे लिहिलं त्याच्या हाताखाली मी आनंदाने काम केलं असतं.

पण या खात्यात चिलखताचा रकानाच नाही. हत्यारांचा नाही, ढालीचा नाही. दुपारी दोन वाजेपर्यंत मी हेच बघत बसले होते. पर्केनियस म्हणतो हत्यारं पगारातून जातात, आणि खात्यात ती नाहीत. मग लक्ष मागील बाकीवर गेलं. 136 द्राख्मांची ठेव घेऊन हा माणूस वर्षात शिरतो आहे, म्हणजे तो नवा नाही. बूट झिजतात, तळाचे खिळे उडतात, म्हणून 12 द्राख्मा दर हप्त्याला. चिलखत दर हप्त्याला झिजत नाही. ते एकदा अंगावर चढलं, त्याची किंमत सुरुवातीच्या हप्त्यांत वळती झाली, आणि मग ते खात्यातून दिसेनासं झालं. हा माझा अंदाज आहे आणि फलकावर अंदाज म्हणूनच लिहीन. पण अशी खाती मी रोज पाहते. नव्या माणसाच्या पहिल्या काही महिन्यांत उचल फिटत असते, तिसऱ्या वर्षी त्या उचलीचा मागमूस नसतो.

म्हणून बारगीर हा शब्द जमत नाही आणि शिलेदारही पुरता जमत नाही. वस्तू सैन्याच्या कोठीतून निघते, किंमत शिपायाच्या नावे पडते. चौथ्या फलकाचं शीर्षक ठरलं: 'उचल'.

26 जानेवारी

कालच्याला जोड. मृत समुद्राकाठच्या मसाडाच्या किल्ल्यावर सापडलेला एक पपायरस, ज्यू बंडाच्या शेवटाचा काळ. शिपाई गायस मेसियस, बैरूतचा. हप्ता 50 डेनारियस. जव 16, जेवण 20, बूट 5, चामड्याचे पट्टे 2, तागाचा अंगरखा 7. बेरीज 50. हातात शून्य. याला वेगळा फलक नको, प्रॉक्युलसच्या शेजारी चौकटीत बसेल.

2 फेब्रुवारी

रिव्हेटचा दिवस. रोमन जाळीत एक ओळ अखंड कड्यांची असते आणि पुढची ओळ उघड्या कड्यांची, जी दोन अखंड ओळींना गुंफून मग रिव्हेटने बंद करायची. प्रत्येक कडीतून शेजारच्या चार कड्या जातात. अखंड कड्या नानांनी पत्र्यातून फ्लायप्रेसवर पाडल्या. आधी आतलं भोक, मग बाहेरचा गोल.

उघड्या कडीचं काम असं. दोन्ही टोकं एकमेकांवर आणायची, ऐरणीवर हातोडीच्या दोन ठोक्यांत चपटी करायची. तीन ठोके बसले की कडा फाटते. चपटं केल्यावर धातू ताठरतो, म्हणून परत लाल करून राखेत निववायची. मग घासून अणकुचीदार केलेल्या पोलादी खिळ्याने भोक पाडायचं, भोकात बारीक तारेचा तुकडा, दोन्ही बाजूंनी ठोकून डोकं पसरवायचं. पहिली कडी मला अकरा मिनिटं. सहावी फाटली, सातवीही. संध्याकाळपर्यंत तीन मिनिटांवर आले, नाना त्याच्याही खाली.

आमचा तुकडा 16 ओळी गुणिले 16, 256 कड्या. त्यातल्या 128 रिव्हेटच्या. गुडघ्याच्या वर येणारं, खांद्यांवर दुहेरी असं चिलखत साधारण एक चौरस मीटर धरलं तर 25,600 कड्या. निम्म्या रिव्हेटच्या, प्रत्येकी तीन मिनिटं: 640 तास. रोज आठ तास बसून 80 दिवस, आणि त्यात तार ओढणं आलं नाही, खनिज वितळवणंही आलं नाही. सरावलेले हात आमच्यापेक्षा कितीतरी वेगाने चालत असतील. तरी एकामागे आठवडेच्या आठवडे मोडतात. पॉलिबियसची 10,000 द्राख्मांची अट आज हाताला कळली.

अंगठ्याला फोड आला आहे.

8 फेब्रुवारी

इतक्या मेहनतीची वस्तू एका माणसाबरोबर संपत नाही, हे दाखवणारा फलक. तीन पुरावे घेतले.

जर्मनीत काल्क्रीज इथे, जिथे इ.स. 9 मध्ये रोमन सेनापती व्हारसच्या तीन लिजना कापल्या गेल्या असं बहुतेक अभ्यासक मानतात, चिलखताचे आकडे (हुक) सापडले. छातीवर खांद्याच्या पट्ट्या अडकवायचे. त्यावर मालकाचं नाव: मार्कस आयस, फॅब्रिकियसच्या शतकातला. शतक म्हणजे सेंच्युरियनच्या हाताखालची तुकडी.

ब्रिटिश म्युझियममध्ये पहिल्या शतकातलं एक शिरस्त्राण आहे. मानेवरच्या पट्टीवर चार नावं टोचलेली. त्यातली दोन नावं ऑलस सॉफेयस आणि लुसियस डुल्सियस. एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर ते तीन वेळा गेलं.

इंग्लंडच्या उत्तरेला कॉर्ब्रिजमध्ये 1964 साली लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली लाकडी पेटी खणून निघाली, दुसऱ्या शतकातली. त्यात पट्ट्यांच्या चिलखतांचे भाग होते, आणि ते दुरुस्त केलेले. बिजागरी तुटली तिथे नवी न घालता पत्र्यावर पत्रा ठेवून सरळ रिव्हेट ठोकलेला. नानांनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "घाईत केलंय, पण पक्कं केलंय."

म्हणजे नव्या शिपायाला बहुतेक वेळा जुनंच मिळत असणार, आधीच्याच्या अंगाला बसलेलं, दुरुस्तीच्या खुणा असलेलं. शिपायांच्या प्रत्येक शतकात, म्हणजे तुकडीत, हत्यारांचा एक रखवालदार नेमलेला असे. कुणाकडे काय आहे ते त्याच्या नोंदीत. नाव टोचण्याचं कारण मला आता उघड दिसतं. पैसे आपल्या खात्यातून गेलेत, मग वस्तू शेजाऱ्याच्या तंबूत कशी जाऊ द्यायची?

11 फेब्रुवारी

कायद्याची एक ओळ, पाचव्या फलकाच्या तळाला. रोमन कायदेपंडित पॉलस सांगतो: शिपायाने पायाचं किंवा खांद्याचं आवरण विकलं तर फटके. चिलखत, ढाल, शिरस्त्राण किंवा तलवार विकली तर तो पळपुट्यासारखाच गुन्हेगार. किंमत त्याने भरलेली, तरी विकायचा हक्क त्याचा नाही. ही ओळ मोठ्या अक्षरांत.

15 फेब्रुवारी

बनायचं कुठे? आधी वाटलं होतं एका परिच्छेदात आटपेल. नाही आटपलं.

एक ठिकाण छावणीतलंच. उत्तर इंग्लंडमधल्या, सम्राट हेड्रियनच्या भिंतीजवळच्या व्हिंडोलंडा ठाण्यातली शाईने लिहिलेली लाकडी पाटी सांगते: आज कारखान्यांत 343 माणसं, त्यांपैकी 12 चांभार, 18 जण स्नानगृहाच्या बांधकामाला. एका ठाण्यातला कामावरच्या माणसांचा तक्ता, आपल्या हजेरीपटासारखा. लिजनमध्ये अशा कारागिरांना जड कामातून सूट असे. त्या सूट मिळालेल्यांच्या यादीत शिरस्त्राणाच्या गालपट्ट्या बनवणाराही वेगळा मोजलेला आहे.

दुसरं ठिकाण बाहेरचं. इ.स. 69 च्या यादवीत सेनापती व्हेस्पेशियनने (पुढे तोच सम्राट झाला) भक्कम शहरं निवडून तिथे हत्यारांचे कारखाने चालवायला सांगितलं. आणि इतिहासकार कॅसियस डिओची गोष्ट तर मी नानांना फोन करून सांगितली. हेड्रियनच्या काळात ज्युडिया या ज्यूंच्या प्रांतातल्या लोहारांना रोमन सैन्याकडून हत्यारांच्या मागण्या येत. त्यांनी माल मुद्दाम थोडा कमअस्सल केला, म्हणजे रोमन तपासनीस तो नाकारेल आणि माल त्यांच्याकडेच राहील. इ.स. 132 मध्ये बंड झालं तेव्हा तीच हत्यारं बाहेर आली.

नाना क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "मी तीस वर्षं कंपन्यांचं जॉब वर्क करतोय. रिजेक्शन म्हणजे आमच्या पोटावर पाय. ह्यांनी रिजेक्शनच मागून घेतलं." फोन ठेवल्यावर मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. डिओ हे लोहारांच्या हुशारीसाठी सांगतो, पण मला त्यातून रोमन खरेदीची रीत दिसते: मागणी, नमुना, तपासणी, नापसंत माल परत. चिलखताच्या किमतीत हा सगळा व्यवहार आहे.

19 फेब्रुवारी

तिसरी वाट घरची. इजिप्तमधल्या करानिस गावी क्लॉडियस टेरेंटियानसने वडलांना लिहिलेली पत्रं सापडली, दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीची. तो तेव्हा अलेक्झांड्रियाच्या आरमारात होता आणि त्याला लिजनमध्ये जायचं होतं. एका पत्रात तो वडलांकडे लढाईची तलवार, कुदळ-कुऱ्हाड, लोखंडी हुक, मिळतील तितके चांगले दोन भाले, वर झगा आणि विजारी मागतो. दुसऱ्या पत्रात लिहितो की इथे पैशावाचून काही होत नाही, शिफारसपत्रांचा उपयोग नाही, माणसाने स्वतःच धडपड करावी लागते.

मुलगा नोकरीला लागला, पगार सुरू झाला, आणि तरी सामान घरून जातंय. हे पत्र लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे आजोबांनी तुला पहिल्या नोकरीला टंकयंत्र दिलं तसं." बाबांनी ते जुन्या बाजारातून घेतलं होतं आणि पट्टी नवी बसवून आणली होती. हे इथे नोंदवून ठेवते, फलकावर जाणार नाही.

22 फेब्रुवारी

सहावा फलक. इ.स. 143, इजिप्त. अम्मोनियस नावाचा सहायक पलटणीतला शिपाई वारला. त्याच्या आईने पलटणीकडून मिळालेल्या पैशांची पावती लिहून दिली. ठेवीची रक्कम आहे, तंबूतल्या त्याच्या हिश्श्याची आहे, आणि हत्यारांचीही.

जिनिव्हाच्या खात्यात जो रकाना मला सापडला नव्हता तो इथे आईच्या पावतीत सापडला. मुलाने जे भरलं होतं ते वस्तू कोठीत परत गेल्यावर वारसाला मिळालं. वस्तू सैन्याकडे, रक्कम घरी. हे वाचल्यावर 'उचल' या शीर्षकाबद्दल शंका आली. उचल फिटली की संपते, आणि इथे तर भरलेलं परत येतंय. नवं शीर्षक: 'अनामत'. चौथा फलक परत छापायला द्यावा लागेल. खर्च माझा, चालेल.

रात्री पुन्हा ती पावती वाचली. सगळ्या फलकांत बाई ही एकटीच आहे.

1 मार्च

उत्तरकाळाला अर्धाच फलक उरला, तेवढा पुरे. सम्राट डायोक्लेशियनच्या (इ.स. 300 च्या आसपास) काळापासून सरकारी कारखाने वाढत गेले. साधारण इ.स. 400 च्या आसपासच्या सरकारी यादीत शहरावार कामं वाटून दिलेली आहेत: इटलीतल्या मांतुआला चिलखतं, क्रेमोनाला ढाली, कॉन्कॉर्डियाला बाण, लुक्काला तलवारी. शिपाई आता खरोखर बारगीर झाला. मात्र 398 च्या कायद्याने या कारखान्यांतल्या कामगारांच्या दंडावर डाग द्यायचं ठरलं, पळाले तर ओळखता यावेत म्हणून. नानांना हे सांगायला मन धजलं नाही, पण फलकावर आहे, ते वाचतीलच.

10 मार्च

प्रदर्शन दोन दिवस चाललं. तुकडा काचेत ठेवायचा नाही असा मी हट्ट धरला होता. हात लावल्याशिवाय वजन कळत नाही. मुलं तो तळहातावर ओतत होती, पाण्यासारखा घरंगळतो. एका काकांनी पावतीच्या फलकासमोर उभं राहून चष्मा काढला आणि बराच वेळ तिथून हलले नाहीत. नाना कामगारांच्या डागाचा मजकूर वाचून माझ्याकडे आले, काही बोलले नाहीत, तुकड्याशेजारी खुर्ची घेऊन बसले आणि दिवसभर लोकांना रिव्हेट दाखवत राहिले.

आज तुकडा घरी आणला तर तांबूस झालेला. इतक्या हातांचा घाम. डायोक्लेशियनच्या 301 च्या किंमत-आज्ञेत याचीही मजुरी ठरवलेली आहे: वापरातली तलवार घासून देण्याचे 25 डेनारियस, वापरातल्या शिरस्त्राणाचे 25. शेतमजुराचा दिवसाचा दर जेवणासह 25, तोच. हा आकडा फलकावर घालायचा राहून गेला. पुढच्या वेळी पाचव्या फलकात घालेन.

संध्याकाळी वर्कशॉपवर गेले. नानांनी बरणीत कोरडी वाळू घेतली, तुकडा आत टाकला, झाकण लावलं आणि आम्ही आळीपाळीने हलवत बसलो. पाऊण तास लागला. मग तेलाचा हात.